तेरा प्रश्न चिनी भाषेत केले की झालं का?

प्रश्न: ताई, मी सिंगापूरला एका शाळेत काउन्सेलर आहे. चीनमधून नवीन आलेली काही मुलं माझ्याकडे येतात, काहींनी अपघात, घरातला मृत्यू असं बरंच बघितलंय. अशा धक्क्याचा मनावर किती परिणाम झालाय (ट्रॉमा) हे बघायला आमच्याकडे क्राइज-१३ ही मुलांसाठीची तेरा प्रश्नांची प्रश्नावली इंग्लिशमधे आहे. चिनी येणाऱ्या सहकारी बाईंकडून भाषांतर करून घेतलं तर चालेल ना?

उत्तर: घाई करू नकोस गं. आधी तयार चिनी रूप शोध, कारण २००८ च्या सिचुआन भूकंपानंतर ही प्रश्नावली तिथल्या मुलांवर वापरून तपासली गेलीय. १२ मे ला दुपारी २.२८ वाजता तो भूकंप झाला, मुलं वर्गातच होती आणि कितीतरी शाळा कोसळल्या, त्यामुळे मुलांच्या मनाचं काय झालंय हे मोजायची गरज तिथे फार मोठी होती.

पण तयार रूप मिळालं तरी तुझं काम संपत नाही. "त्या घटनेची आठवण करून देणाऱ्या जागा टाळतोस का?" हा प्रश्न घे. ढिगाऱ्याशेजारी तात्पुरत्या घरात राहणारं मूल टाळणार तरी काय, ते "अजिबात नाही" लिहिणार आणि आपण समजणार की मूल सावरलंय! तुझ्या मुलांचं उलट आहे, ती जागा हजारो किलोमीटर मागे राहिलीय म्हणून टाळायचा प्रश्नच येत नाही, उत्तर मात्र तेच. झोप आणि लक्ष लागणं यांचंही तसंच, रात्री अकरापर्यंत होमवर्क आणि परीक्षेचं टेन्शन असेल तर झोप कशाने उडालीय हे नुसत्या टिकवरून कळत नाही, विचारावंच लागतं.

म्हणून दोन-तीन मुलांबरोबर बसून प्रत्येक प्रश्न वाच आणि "तुला यात काय विचारलंय असं वाटतं?" एवढंच विचार. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच आहे, आणि नेमकी हीच लोक गाळतात. स्वतःच भाषांतर करायची वेळ आली तर दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्लिशमधे करून घे आणि मूळाशी ताडून बघ. लिपीही बघ, चीन आणि सिंगापूरमधे सोपी केलेली अक्षरं चालतात, तैवान-हाँगकाँगच्या मुलाला जुनी सवयीची असतात, आणि घरी कॅन्टोनीज ही वेगळी चिनी बोली बोलणाऱ्या मुलाला मँडरिनमधे, म्हणजे प्रमाण चिनीत, वाचून दाखवलं तर अर्धं डोक्यावरून जाऊ शकतं.

वर्गात सगळ्यांना एकदम प्रश्नावली वाटू नकोस, शिक्षक फिरत असले की मुलं "बरोबर" उत्तर शोधतात. आणि हो, आठवणी नकोशा घुसणं आणि आठवणी टाळणं या दोन भागांच्या आठ प्रश्नांची बेरीज १७ किंवा जास्त आली की पुढे तपासायचं असं म्हणतात, तो आकडा ब्रिटनमधल्या मुलांवरून आलाय. १६ आले म्हणून मुलाला परत पाठवू नकोस, वीस आले म्हणून पीटीएसडीचा (धक्क्यानंतर होणाऱ्या मानसिक आजाराचा) शिक्का मारू नकोस. तो आकडा बाजूला ठेव आणि मुलाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोध, शाळेकडे त्यासाठी आग्रह धर.