शाबीत, साबित की सिद्ध?

प्रश्न असा आलाय की 'आरोपीला आपलं निर्दोषत्व साबित करता आलं नाही' या वाक्यात साबित बरोबर, शाबीत बरोबर की सरळ सिद्ध लिहावं. अहो, स्पेलिंगचं नंतर बघू, आधी ते वाक्यच मुळातून चुकलंय! टीव्हीवरच्या चर्चेत, बातम्यांत, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी हे रोज ऐकतो आणि दरवेळी तळपायाची आग मस्तकात जाते. निर्दोषत्व आरोपीने शाबीत करायचंच नसतं. शाबीत करायचा असतो तो गुन्हा, आणि तो करायचा सरकार पक्षाने.

शाबीत म्हणजे काय हे सांगत बसत नाही, सगळ्यांना माहितीये. मजा आहे ती त्याच्या मुळात. मूळ अरबी धातू थ-ब-त, अर्थ घट्ट उभं राहणं, जागचं न हलणं. त्यातून साबित, म्हणजे स्थिर, पक्कं. त्याच धातूचं दुसरं रूप थुबूत, फारसीत त्या थ चा उच्चार स होतो, म्हणून हिंदी-उर्दूत सबूत, म्हणजे पुरावा. आणि मराठीत? मराठीत त्याच घराण्यातला शब्द आहे शाबूत! डोकं शाबूत आहे का, हातपाय शाबूत आहेत ना, तोच शाबूत, म्हणजे धडधाकट. शाबीत आणि शाबूत हे दोघे भाऊ आहेत हे कोणी ठसवून सांगतच नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता माझं मत ऐका, कोणी मानो न मानो. मराठीने एकाच धातूचे दोन शब्द घेतले आणि कामं वाटून दिली. जे अजून डळमळीत आहे आणि पुरावे देऊन उभं करायचंय ते शाबीत करायचं, आणि जे आधीपासूनच उभं आहे, ज्याला कोणी धक्का लावलेला नाही ते शाबूत असतं. म्हणजे गुन्हा शाबीत व्हावा लागतो आणि तो होईपर्यंत निर्दोषत्व शाबूत असतं. फौजदारी कायद्याचं अख्खं तत्त्व या दोन शब्दांत बसलंय, याच्याइतकी नेमकी जोडी मला दुसऱ्या कुठल्या भाषेत दिसलेली नाही. आणि आपण काय करतो, तर आधीच शाबूत असलेली गोष्ट माणसाला परत शाबीत करायला सांगतो.

ही नुसती शब्दांची कसरत वाटत असेल तर इंग्लंडमधला वुलमिंग्टनचा खटला बघा. एकवीस वर्षांचा शेतमजूर, बायको सोडून गेलेली, हा बंदूक घेऊन तिच्याकडे गेला आणि गोळी सुटून ती मेली. त्याचं म्हणणं असं की मला स्वतःचा जीव द्यायची धमकी द्यायची होती, बंदूक चुकून उडाली. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की मारलं हे एकदा दिसलं की तो खूनच धरायचा, अपघात होता हे त्याने पटवून द्यावं. झाली फाशीची शिक्षा. १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती रद्द केली, म्हणाले खुनाचा हेतू होता हे सरकार पक्षानेच दाखवायचं, आरोपीच्या सांगण्याने वाजवी शंका उरली तरी तो सुटला पाहिजे. शाबीत कोणी करायचं या एका प्रश्नावर त्या पोराची मान वाचली!

रोमन कायद्यातही हेच होतं, जो म्हणतो त्याने दाखवावं, जो नाकारतो त्याने नाही. साधं कारण आहे, 'मी केलं नाही' हे दाखवणार कसं? हां, मी तेव्हा दुसरीकडेच होतो किंवा स्वतःला वाचवायला मारलं असं म्हटलं तर त्याच्यापुरतं काही दाखवायचा भार भारतीय कायदा आरोपीवर टाकतो, पण तिथेही तसं असणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं, मूळ भार सरकार पक्षाकडेच राहतो.

राहिला सिद्ध. शुद्ध मराठीचे आग्रही म्हणतात यावनी शाबीत टाका, संस्कृत सिद्ध घ्या. का म्हणून? सिद्ध म्हणजे पूर्णत्वाला गेलेलं, तयार झालेलं, भूमितीतलं प्रमेय सिद्ध होतं, तिथे शंकेला जागाच नाही. कोर्टात असं कधीच होत नसतं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातली व्याख्या बघा, आता त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातही तीच आहे, की शहाणा माणूस जी गोष्ट खरी धरून चालेल इतकी ती संभवनीय वाटली की ती शाबीत. आणि तिथेच शाबीत झालेलं, खोटं ठरलेलं आणि शाबीतच न झालेलं असे तीन वेगळे प्रकार दिलेत. सिद्ध-असिद्ध एवढ्या दोनच खणांत हे कोंबणाऱ्यांनी तो कायदा एकदा उघडून वाचावा, मग शुद्धीचं बोलावं.

तर स्पेलिंग. सिक्क्याचा शिक्का झाला, सिपाहीचा शिपाई झाला, तसं साबितचं शाबीत झालं, साबित ही हिंदीची नक्कल. शाबीतमधला बी दीर्घ, शाबूतमधला बू दीर्घ, पण शाबितीचा भार लिहिताना बि ऱ्हस्व. आणि ते वाक्य असं लिहा: सरकार पक्षाला गुन्हा शाबीत करता आला नाही.