वसतिगृहातला मुलगा व्यवहार कुठे शिकणार?

नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, आठवीत शिकणाऱ्या एका मुलाची आई माझ्याकडे आली, तेव्हा तिला गुणांची चिंता नव्हती. "मॅडम, अभ्यासात हुशार आहे, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. पुढच्या वर्षी परराज्यात पाठवलं तर कसा निभावेल?" नवोदयमध्ये नववीतील सुमारे 30 टक्के मुलांना वर्षभरासाठी वेगळ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयमध्ये पाठवण्याची पद्धत असल्यामुळे तिची काळजी रास्त होती.

मुलाशी बोलताना कळले की, त्याच्या चपलेचा पट्टा तुटून बरेच दिवस झाले होते आणि तो सुतळीने बांधून काम भागवत होता. हाउस मास्टरना, म्हणजे वसतिगृहात मुलांची देखरेख करणाऱ्या शिक्षकांना, कसे सांगावे, हेच त्याला सुचत नव्हते. निवासी शाळेत उठण्यापासून झोपेपर्यंत सगळे घंटेवर चालते. त्याने शिस्त लागते हे खरेच. परंतु मागण्याचे, ठरवण्याचे, नकार देण्याचे जे प्रसंग घरी राहणाऱ्या मुलाला दुकानात, गल्लीत, पाहुण्यारावळ्यांत आपसूक मिळतात, ते वसतिगृहात मुद्दाम घडवून आणावे लागतात. फळ्यावर 'संवाद' आणि 'निर्णयक्षमता' असे शब्द लिहून ते साधत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही आधी एकच वाक्य पक्के केले: "सर, माझी चप्पल तुटली आहे, नवी कशी घेता येईल?" ते त्याने स्वतः जाऊन विचारले. त्यानंतर हाउस मास्टरनी त्याच्याकडे साबण-तेलाचे वाटप आणि त्याची नोंदवही सोपवली. मोठ्या वर्गातला एक मुलगा जास्तीचा साबण मागू लागला, तेव्हा "वहीत सही झाली आहे, आता पुढच्या वाटपाला" असे त्याला सांगावे लागले. तेवढे बोलताना आवाज कापत होता, असे त्यानेच मला सांगितले.

पालकांनी फोनवर केवळ गुण विचारू नयेत. या आठवड्यात कोणाशी पटले नाही आणि मग तू काय केलेस, हेही विचारावे. सुट्टीत पासबुक भरून आणणे, एसटीचे आरक्षण करणे ही कामे त्यालाच करू द्यावीत. मात्र बोलके मूल अचानक गप्प झाले किंवा शाळेत परत जायला घाबरू लागले, तर तो लाजाळूपणा समजू नये. त्रास किंवा छळ होत नाही ना, याची आधी चौकशी करावी आणि गरज वाटल्यास 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा.