वाचकांचे प्रश्न : मोटारीमागे उरलेल्या वस्तू

जुन्या मोटारींचे दिवे, बिल्ले, पाट्या, माहितीपुस्तिका अशा वस्तू जमवणाऱ्या वाचकांनी आपल्या शंका पाठवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत दोन प्रश्न आहेत : वस्तू खरी आहे हे कसे ओळखावे, आणि ती स्वच्छ कशी करावी. मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत, कारण वस्तूच्या खरेपणाचा पुरावा बहुधा त्याच थरात असतो जो आपण ती घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी घासून काढतो. खालची उत्तरे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या पेटीत मोटारीचा मोठा पितळी दिवा मिळाला. त्याला वायर नाही, बल्बची जागाही नाही. आत दोन फाटे फुटलेली बारीक नळी आहे आणि सोबतच्या डब्यात पांढरा, कडक थर जमला आहे. दिवा पार काळवंडला आहे. तो घासून लख्ख करावा का?

उत्तर : आपल्याकडे आहे तो कार्बाइडचा, म्हणजे ॲसिटिलीन वायूवर जळणारा दिवा. सोबतच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात पाणी आणि खालच्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे असत. पाण्याचे थेंब खड्यांवर पडले की वायू तयार होई आणि रबरी नळीतून दिव्यात जाई. त्या दोन फाट्यांच्या टोकांना बहुधा शंखजिऱ्याची बोंडे असतात. दोन्हींतून निघणाऱ्या धारा एकमेकींवर आदळून पंख्यासारखी चपटी, पांढरी ज्योत तयार होते. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचे दिवे आणि विजेवर सुरू होणारे इंजिन गाडीसोबतच द्यायला सुरुवात केली, आणि त्यानंतर हे दिवे हळूहळू मागे पडले. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांनी १९०९ च्या त्या उड्डाणाआधीचे पैसे मोटारींच्या अशाच दिव्यांच्या धंद्यात कमावले होते, हे मला नेहमी विलक्षण वाटते.

आता घासण्याविषयी. कृपया घाई करू नका. डब्यातला पांढरा थर म्हणजे विझलेला चुना. तो कातडीला झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत, आणि तो कोरडा खरवडण्याऐवजी आधी पूर्ण ओला करून मऊ पडू द्यावा. मात्र ओला करण्यापूर्वी आत न वापरलेले राखाडी खडे उरलेले नाहीत ना, हे पाहणे अत्यंत आवश्यक आहे, कारण त्यांना पाणी लागले तर शंभर वर्षांनंतरही ज्वालाग्राही वायू सुटतो. खडे दिसले तर डब्याला हात न लावता रसायने हाताळणाऱ्या जाणकाराची मदत घ्यावी.

बाहेरच्या पितळेवर फक्त मऊ कापड आणि अगदी सौम्य साबणाचे पाणी वापरावे. धातू चमकवण्याच्या ज्या पॉलिशांत अमोनिया असतो ती टाळावीत. पातळ पत्रा दाबून घडवलेल्या पितळेत आतला ताण शिल्लक राहिलेला असतो आणि अमोनियामुळे तशा जागी केसासारख्या चिरा पडतात. माझ्याकडच्या एका दिव्याच्या मानेवर कारखान्याच्या नावाची बोटभर पट्टी आहे. आधीच्या मालकाने तो वर्षानुवर्षे इतक्या निष्ठेने घासला की आज विजेरी तिरकी धरली तरी पट्टीवरची पहिली दोन अक्षरे तेवढी उमटतात, बाकीची जागा आरशासारखी सपाट आहे. तो दिवा कोणी घडवला हे आता कोणालाही सांगता येणार नाही. काळसर झाक राहू द्या, हिरवा कळंक असेल तेवढाच लाकडी काडीने अलगद काढा आणि वरून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयांतही हेच मेण वापरतात.

प्रश्न : इंजिन ऑइलची जाहिरात असलेली लोखंडी एनॅमलची पाटी विकत घ्यायची आहे. रंग फिके पडले आहेत, चारही कडांना गंज आहे, त्यामुळे जुनी वाटते. नक्कल नसेल ना?

उत्तर : आपल्या पत्रातल्या एका शब्दाने मला सावध केले आहे : ‘फिके’. एनॅमल हा रंग नसून काच असते. काचेची रंगीत पूड लोखंडी पत्र्यावर पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवली जाते. अशी पाटी पन्नास वर्षे उन्हात राहिली तर तिची झळाळी मंदावते, पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो, पण लाल रंग सहसा गुलाबी होत नाही. सगळीकडे सारखी विटलेली पाटी बहुधा रंगाने छापलेली असते आणि पुढे मुद्दाम विटवलेली असते.

पाटी हातात घेता आली तर डोळे मिटून दोन रंगांच्या सीमेवरून नख फिरवून पाहा. जुन्या पद्धतीत प्रत्येक रंग साच्यातून वेगळा पसरून वेगळा भाजला जात असे, त्यामुळे पिवळ्यावरून निळ्यावर जाताना नखाला पायरी लागते. छापील नकलेवर नख सरळ घसरत जाते. मग टवके उडालेल्या जागा पाहा. काच फुटते तसे एनॅमल शिंपल्यासारख्या गोलसर कडांनी फुटते, आणि रंग व लोखंड यांच्यामध्ये काळसर निळा पायाचा थर दिसतो. तो थर पत्र्याला धरून ठेवण्यासाठी आधी दिलेला असतो, आणि एका बाजूनेच भाजले तर पत्रा वाकडा होतो म्हणून पाटीच्या पाठीवरही तो आढळतो. पाठ नुसत्या रंगवलेल्या पत्र्याची असेल तर पाटी परत करावी.

अर्थात, आज नव्या पाट्याही खऱ्या एनॅमलमध्ये तयार होतात, त्यामुळे एवढ्यावर निर्णय देता येत नाही. तिथे गंजाची जागा बोलते. पाटी भिंतीवर लावताना स्क्रू जास्त आवळला गेला की भोकाभोवती गोल टवका उडतो. पावसाचे पाणी खालच्या कडेला साचून राहते, म्हणून तिथला गंज जुना, खोल आणि गडद तपकिरी असतो. चारही कडांना सारखाच नारिंगी गंज असेल, भोके मात्र धडधाकट असतील, तर ती पाटी कधी भिंतीवर लागलीच नव्हती, असे मी म्हणेन. आपण वर्णन केलेली पाटी मी घेतली नसती.

प्रश्न : रेडिएटरच्या टोपणावर बसवायची पंखधारी स्त्रीची धातूची मूर्ती मला मिळते आहे. ती १९१५ ची असून तिच्यावर मूळचाच क्रोमचा मुलामा आहे, असे विक्रेता सांगतो. काचेच्या मूर्तींविषयीही थोडे सांगावे.

उत्तर : मूर्ती १९१५ ची असू शकेल, पण मग क्रोम मूळचा नाही, आणि क्रोम मूळचा असेल तर मूर्ती १९१५ ची नाही. मोटारींच्या भागांवर क्रोमियमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला. त्याआधी पितळेवर निकेल चढवत. निकेलची झाक किंचित पिवळसर आणि उबदार असते व ते वेळोवेळी पुसावे लागते. क्रोमची चमक निळसर आणि थंड असते. दोन्ही वस्तू शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात एकदा पाहिल्या की हा फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

नकली मूर्ती बहुधा अस्सल मूर्तीवरूनच साचा घेऊन ओततात. वितळलेली धातू थंड होताना आकसते, त्यामुळे अशी नक्कल दर शंभर मिलिमीटर उंचीमागे साधारण एक ते दोन मिलिमीटर बुटकी भरते, आणि पिसांच्या रेघा, चेहऱ्याची ठेवण, पायाजवळची अक्षरे बोथट होतात. अस्सल मूर्तीची नोंदलेली उंची माहीत असेल तर कॅलिपरने मोजून पाहावी. इतिहासही उपयोगी पडतो : रोल्स-रॉइसची ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये घडवली, पण गुडघे टेकलेली आवृत्ती १९३४ ची आहे, तेव्हा गुडघे टेकलेली मूर्ती १९२० च्या गाडीवरची म्हणून कोणी दाखवली तर कथा जुळत नाही.

काचेच्या मूर्तींत फ्रान्सचे रने लालिक यांचे नाव सर्वांत मोठे. १९२५ मध्ये त्यांनी सिट्रोएनसाठी पाच घोड्यांची मूर्ती केली आणि पुढच्या काही वर्षांत आणखी पुष्कळ घडवल्या. काहींच्या बैठकीत छोटा बल्ब आणि रंगीत काच असे, त्यामुळे रात्री मूर्ती आतून उजळत असे. लालिक १९४५ मध्ये वारले. त्यांच्या हयातीतल्या वस्तूंवर ‘आर. लालिक’ अशी, तर नंतरच्या वस्तूंवर ‘लालिक फ्रान्स’ अशी सही आढळते. सहीतल्या ‘लालिक’च्या आधी ‘आर’ हे अक्षर मागाहून कोरणारेही आहेत, म्हणून ते अक्षर भिंगाखाली बाकीच्या अक्षरांशी ताडून पाहावे. बैठकीची कडही बोटाने तपासावी. टवका उडालेली कड घासून सारखी केली असेल तर मूर्ती थोडी बुटकी होते आणि धातूच्या कड्यात सैल बसते.

प्रश्न : १९३० च्या सुमारास ओतीव धातूत केलेल्या काही खेळण्यातल्या मोटारी आणि दाराची एक मूठ आपोआप तडकून फुगत आहेत. हा रोग बाकीच्या वस्तूंना लागेल का?

उत्तर : लागणार नाही. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी अगदी अल्प प्रमाणात राहिली तरी कणाकणांच्या सांध्यांमधून क्षरण सुरू होते. तो दोष ओतताना त्यात आलेला आहे, तो शेजारच्या वस्तूत जात नाही. त्यावर इलाज मात्र नाही. कोरड्या, थंड जागी ठेवून वेग कमी करता येतो, एवढेच. तडकलेली वस्तू चिकटवू नये, रंगवू तर अजिबात नये.

प्रश्न : मोटारींच्या जुन्या माहितीपुस्तिका, दुरुस्तीची पुस्तके आणि शर्यतींची पोस्टरे जमवतो. अस्सल कशी ओळखावीत आणि कशी जपावीत?

उत्तर : मला स्वतःला या छंदाचा हा भाग सर्वांत प्रिय आहे, कारण दिवे आणि मूर्ती जपायच्या म्हणून लोकांनी जपल्या, पण कागद मुळात टाकून देण्यासाठीच छापलेला होता. मिशलँ कंपनीने १९०० मध्ये आपली पहिली मार्गदर्शिका सुमारे ३५,००० प्रती छापून मोटारवाल्यांना फुकट वाटली; टायर कसा बदलावा, इंधन आणि दुरुस्ती कुठे मिळेल, अशी कामाची माहिती तिच्यात होती. १९२० पर्यंत ती फुकटच मिळत असे. फुकट मिळालेले, हाताळून फाटलेले, पुढच्या वर्षी शिळे झालेले पुस्तक कोण ठेवणार? म्हणून जे उरले ते मोलाचे.

पारखण्यासाठी दोन साधने पुरतात. दहा पटींच्या भिंगाखाली जुन्या शिळाछापाच्या पोस्टरात दगडाचा खडबडीत, अनियमित कण दिसतो. आजच्या छपाईत ठिपक्यांची ठरावीक जाळी किंवा शाईचे बारीक तुषार दिसतात. दुसरे साधन अतिनील दिव्याचे. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळायची द्रव्ये १९५० च्या सुमारास सर्रास वापरात आली, त्यामुळे १९२९ च्या मोनॅको शर्यतीचे म्हणून दाखवलेले पोस्टर त्या दिव्याखाली निळसर पांढरे चकाकले, तर तो कागद त्या काळचा नाही.

जपताना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. गंजलेल्या टाचण्या हळूच काढाव्यात, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात कागद ठेवावा (पीव्हीसीच्या पाकिटाला शाई चिकटते), थेट उन्हापासून आणि दमटपणापासून दूर ठेवावा, आणि कसर लागली आहे का हे अधूनमधून पाहावे. दुरुस्तीच्या पुस्तकातले ग्रीसचे अंगठे आणि समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी पुसू नका. माझ्याजवळच्या एका पुस्तकात व्हॉल्व्हच्या फटीचे छापील माप कोणा मेकॅनिकने खोडून शेजारी स्वतःचे माप लिहिले आहे, आणि त्याखाली ‘गरम असताना’ असे दोनदा अधोरेखित केले आहे. त्या पुस्तकातले माझे सर्वांत आवडते पान तेच आहे.

प्रश्न : अंधारात चमकणारे आकडे असलेले जुने वेगमापक आता चमकत नाही. उघडून आकडे पुन्हा रंगवावेत का?

उत्तर : उघडू नये. काही जुन्या तबकड्यांवरच्या रंगात रेडियम असे. चमक गेली ती रंगातले चमकणारे द्रव्य थकल्यामुळे. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षांचा असल्याने किरणोत्सर्ग जवळजवळ तेवढाच आहे. काच फुटलेली असेल किंवा रंगाची भुकटी गळत असेल तर तबकडी न हाताळता तज्ज्ञांना दाखवावी.

प्रश्न : जागा कमी आणि पैसाही बेताचाच आहे. संग्रहाची सुरुवात कशाने करावी?

उत्तर : स्पार्क प्लगने करावी. एका उथळ खणात शेकडो मावतात, आणि जुन्या भागांच्या ढिगात विक्रेते त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. त्यांत इतिहासही कमी नाही : ‘चॅम्पियन’ आणि ‘एसी’ ही दोन प्रतिस्पर्धी नावे मुळात आल्बेर शाँपियाँ या एकाच माणसाच्या नावावरून आलेली आहेत. दुसरा पर्याय मोटार संघटनांच्या बिल्ल्यांचा. ब्रिटनची ऑटोमोबाईल असोसिएशन १९०५ मध्ये पोलिसांच्या वेगसापळ्यांपासून मोटारवाल्यांना सावध करण्यासाठी निघाली. रस्त्यावरचा तिचा माणूस बिल्ला लावलेल्या गाडीला सलाम करी, आणि त्याने सलाम केला नाही तर पुढे सापळा आहे असे समजायचे. तिच्या बिल्ल्यांवर क्रमांक असत, त्यामुळे काळाचा अंदाज बांधता येतो.

काहीही घेतले तरी त्याच दिवशी एक चिठ्ठी करावी : वस्तू कोणाकडून, कुठे आणि केव्हा मिळाली, देणाऱ्याने तिच्याविषयी काय सांगितले, आणि त्यातले आपल्याला काय पटले. चिठ्ठी वस्तूवर चिकटवू नये; धाग्याने बांधावी किंवा पाकिटात सोबत ठेवावी. ती पेन्सिलीने लिहावी, कारण ओल लागली की बहुतेक शाई पसरते.