स्तनांचं इम्प्लांट आणि लिफ्ट करून आठ महिने झाले, समाधान नाही. डॉक्टर मोठं इम्प्लांट टाकू म्हणतात. परत ऑपरेशन करू का?

तुम्ही लिहिलंय की वय 38, दोन बाळंतपणं, 350 सीसीची इम्प्लांट (स्तन भरून दिसावेत म्हणून आत बसवतात ती) आणि लिफ्ट (सैल पडलेले स्तन वर उचलणं) एकाच वेळी. आता वरचा भाग सपाट, खालचा फुगलेला, निपल आभाळाकडे बघतायत. आणि डॉक्टर म्हणतात, पुढच्या महिन्यात 425 टाकू, भरून येईल. माझं मत आधीच सांगते. ऑपरेशन कदाचित लागेल, पण हे नाही, आणि पुढच्या महिन्यात तर नाहीच.

मी डॉक्टर नाही. नाशिकला बँकेत नोकरी करते. 2022 साली मी अगदी तुमच्यासारखीच आरशासमोर उभी राहून रडत होते.

माझं पहिलं ऑपरेशन 2021 चं. दोन मुलांना पाजलं होतं, नंतर सोळा किलो वजन उतरवलं होतं, त्यामुळे कातडी सैल पडलेली. 325 सीसी आणि लिफ्ट, एकाच भुलीत. सासूबाईंना हर्नियाचं सांगितलं होतं. (त्या अजूनही पाहुण्यांसमोर माझ्या हर्नियाची चौकशी करतात.) पहिले चार महिने खूश होते. मग काहीतरी बदलायला लागलं, पण नेमकं काय ते मला सांगता येईना. ते पहिल्यांदा कळलं आमच्या ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंना. "टक्सचं टोक जिथे यायला पाहिजे तिथे काहीच नाही गं, सगळा भार खालच्या पट्टीवर आलाय," म्हणाल्या, आणि टेप लावून उजवीकडे पाऊण इंच जास्त भरतंय हेही सांगितलं. त्या टेपनं मला जे शिकवलं तेच तुम्हाला सांगायचंय.

निपल वर दिसतात याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक, लिफ्ट करताना ती खरंच जास्त वर बसवली गेली. दोन, निपल जागच्या जागी आहेत, पण इम्प्लांट खाली घसरलंय, म्हणून ती वर गेल्यासारखी दिसतात. आरशात दोन्ही सारखंच दिसतं. टेपनं कळतं. गळ्याखालच्या हाडांमधला खळगा ते निपल हे एक माप, आणि निपलपासून छातीखालच्या घडीपर्यंत, कातडी ताणून धरून, हे दुसरं. पहिलं माप ऑपरेशनच्या वेळी होतं तेवढंच असेल आणि दुसरं वाढलं असेल, तर घसरलंय ते इम्प्लांट. माझं दुसरं माप ऑपरेशनच्या टेबलावर आठ सेंटिमीटर ठेवलं होतं. वर्षानं उजवीकडे साडेअकरा, डावीकडे साडेदहा. मात्र निपल खरंच वर बसलं असेल, तर ते खाली आणणं फार अवघड असतं, कारण त्याचा व्रण वरच्या बाजूला, खोल गळ्यातून दिसेल अशा जागी येतो. म्हणून आधी हे माप, मग बाकीचं सगळं बोलणं.

तुमचं वर्णन वाचून, म्हणजे वर सपाट आणि खाली फुगीर, मला घसरल्याचीच शंका येते. तसं असेल तर 425 चा सल्ला मला उफराटा वाटतो. मुळात हे जोड ऑपरेशन एकमेकांच्या विरुद्ध ओढणाऱ्या दोन कामांचं आहे. लिफ्टमध्ये कातडी कापून घट्ट करतात, आणि त्याच कातडीला आतून इम्प्लांट ताणत राहतं. म्हणूनच नुसत्या इम्प्लांटपेक्षा किंवा नुसत्या लिफ्टपेक्षा दोन्ही एकत्र केलेल्यांना पुन्हा टेबलावर जावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं. तुमच्या-माझ्यासारख्या, पाजून किंवा वजन उतरवून पातळ झालेल्या कातडीला 350 झेपलं नाही, तिथे 425 किती दिवस झेपणार? नवीन असताना भरलेलं दिसेल, हे खरं. मग तेच, आणखी जड होऊन.

मला तिघांनी तीन सल्ले दिले. मूळ डॉक्टर म्हणाले, टचअप फुकट करून देतो. त्यात फुकट होती ती फक्त त्यांची फी. ऑपरेशन थिएटर, भूल देणारे डॉक्टर, नवं इम्प्लांट, सगळं माझ्याच खिशातून. मुंबईतल्या दुसऱ्यांनी मोठं टाकायला सांगितलं आणि पाच मिनिटांत तारीखसुद्धा दिली. तिसऱ्या मॅडमनी मला बसवून, उभं करून, हात वर करायला लावून मापं घेतली, कागदावर लिहिली आणि विचारलं, "आधीच्या ऑपरेशनच्या नोट्स कुठायत?" माझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर दीड ओळ. त्या म्हणाल्या, नोट्स आणा, त्याशिवाय मी हात लावणार नाही.

का, ते मला नंतर समजलं. लिफ्ट करताना निपलला रक्त पुरवणारा एक भाग जोडलेला ठेवतात आणि त्याच्याभोवतीचं कापतात. तो वरून ठेवलाय, खालून की आतल्या बाजूनं, हे बाहेरून व्रण बघून कळत नाही. दुसऱ्या वेळी सर्जननं नेमकी तीच बाजू कापली, तर निपल काळं पडून जाऊ शकतं. तेव्हा या नोट्स मागा, लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णानं कागद मागितले की डॉक्टरांनी ते 72 तासांत द्यायचे असतात, आणि नोंदी तीन वर्षं सांभाळायच्या असतात. माझ्या हॉस्पिटलनं आधी "सिस्टीम बदलली" म्हटलं. नियम लिहून अर्ज दिला, पोच घेतली, मग दोन दिवसांत मिळालं.

सोबत इम्प्लांटचं कार्ड किंवा स्टिकर मागा, म्हणजे कंपनी, सीसी, सीरियल नंबर आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत हे कळेल. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. 2019 च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीची बायोसेल नावाची खरखरीत इम्प्लांट जगभरातून मागे घेतली गेली, कारण त्यांच्याभोवती होणाऱ्या एका दुर्मीळ लिंफोमाशी (एक प्रकारचा कॅन्सर) त्यांचा संबंध आढळला. त्रास नसेल तर ती काढायलाच हवीत असं तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं. पण परत उघडणारच असाल, तर आत काय आहे ते माहीत असलेलं बरं.

थांबायचं किती? मला सांगितलं होतं, निदान वर्षभर. सूज, इम्प्लांटचं बसणं, कातडीचं ताणणं, हे सगळं थांबल्यावरच खरं माप हाती येतं. तुमचे आठ महिने झालेत, म्हणजे कागद जमवायला आणि दोन मतं घ्यायला तुमच्याकडे वेळ आहे. थांबायचं नाही ते फक्त ताप, लाली, जखमेतून पाणी, एका बाजूला अचानक सूज, किंवा कातडीतून इम्प्लांट दिसायला लागणं अशा वेळी. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना. एक बाजू कडक होऊन दुखायला लागली, तर इम्प्लांटभोवती शरीरानं तयार केलेली पिशवी आवळत असेल. ते वेगळं दुखणं, तेही दाखवून घ्या.

सल्ला घ्यायला जाल तेव्हा पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' एवढंच वाचून बसू नका. एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते बघा. आणि सरळ विचारा, माझ्यासारख्या दुरुस्तीच्या किती केसेस केल्यात? उत्तर देताना चिडले, तर तेही उत्तरच.

मॅडमनी माझ्यासमोर तीन वाटा ठेवल्या होत्या. काहीच न करणं. इम्प्लांट काढून फक्त पुन्हा लिफ्ट. किंवा लहान इम्प्लांट, आतली पिशवी खालून शिवून घडी वर आणणं, आणि थोडी कातडी काढणं. दुसऱ्या वाटेवर मी महिनाभर अडकले होते. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, कधीतरी बदलावं लागण्याची शक्यता असतेच, आणि सिलिकॉनचं असेल तर आत फाटलं तरी बाहेर कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सल्ला असा, की पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. काढून टाकलं की ही कटकटच संपते. पण काढल्यावर वरचा भाग आणखी सपाट होणार होता, आणि त्याला मी तयार नव्हते. तुम्ही कदाचित असाल. त्यात कमीपणा काहीच नाही.

2023 मध्ये 220 सीसी घातली. साडेतीन तास लागले. त्याआधी मॅमोग्राफी झाली (इम्प्लांट आहेत हे तिथल्या टेक्निशियनला आधी सांगा, फोटो वेगळ्या पद्धतीनं घेतात). मला मिश्रीची सवय होती, चोरून. ती महिनाभर आधी बंद करावी लागली, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि दुसऱ्यांदा कापलेल्या कातडीला तेवढंही परवडत नाही. नंतर दोन महिने रात्रंदिवस सपोर्ट ब्रा, उताणं झोपणं, दोरीवर कपडे वाळत घालणं बंद, पाण्याची बादली नवऱ्यानं उचलायची. यावेळी सासूबाईंना खरं सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी पेज घेऊन आल्या.

खर्च पहिल्यापेक्षा जास्त आला. विमा देत नाही, वर कॉस्मेटिक म्हणून 18 टक्के जीएसटी. पैसे उसने घेऊन घाईत करू नका.

आज उजवीकडे अर्धा सेंटिमीटर फरक आहे. खालचा व्रण एका जागी रुंद झालाय. उजव्या निपलला पूर्वीसारखी संवेदना नाही, तिथे हात लागला तर दुसऱ्याच कुणाचं अंग वाटतं. हे सगळं मॅडमनी आधी लिहून दिलं होतं आणि मी त्यावर सही केली होती. तुमच्या डॉक्टरांनी 425 च्या सल्ल्यासोबत असं काही लिहून दिलंय का? नसेल दिलं, तर पुढच्या महिन्याची तारीख आजच फोन करून रद्द करा आणि नोट्ससाठी अर्ज टाका.