वाचक विचारतात : डीडब्ल्यूपीचं (ब्रिटनच्या सरकारी कल्याण खात्याचं) ‘अंडर कॉशन’ पत्र

प्रश्न : मी लेस्टरला राहतो, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारी सरकारी मदत) घेतो. पुण्याच्या बँकेत आईबरोबर संयुक्त ठेव आहे, ती अर्जात दाखवली नव्हती. आता ‘इंटरव्ह्यू अंडर कॉशन’चं (कायदेशीर ताकीद देऊन घेतल्या जाणाऱ्या जबाबाचं) पत्र आलंय. काय तयारी करू?

उत्तर : ही फौजदारी चौकशी आहे. बोलणं रेकॉर्ड होतं, कोर्टात पुरावा ठरू शकतं. ‘जाऊन समजावून सांगतो’ म्हणत एकटे जाऊ नका. आजच फौजदारी कामाचा सॉलिसिटर (वकील) गाठा. उत्पन्न कमी असेल तर लीगल एडचं (सरकारी खर्चाने मिळणाऱ्या कायदेशीर मदतीचं) विचारा. तारीख अडचणीची असेल तर आधीच कळवून बदलून मागा, गरज वाटली तर मराठी दुभाषाही मागा.

खरा मुद्दा ठेवीचा. परदेशातली रक्कमही धरतात : 6,000 पौंडांपर्यंत फरक पडत नाही, त्यावर दर 250 पौंडांमागे (अपुऱ्या टप्प्यालाही) महिना 4.35 पौंड कापतात, 16,000 च्या वर हक्कच संपतो. संयुक्त ठेवीत पुरावा नसेल तर निम्मा वाटा तुमचा मानतात. पैसे आईचेच असतील तर ते कागदावर दिसलं पाहिजे : ठेवीची पावती, रक्कम कोणाच्या खात्यातून आली त्याचा उतारा, व्याज कोणाकडे जातं त्याची नोंद. नुसतं ‘आईचे आहेत हो’ पुरत नाही.

उत्तर द्यायचं, गप्प राहायचं की लेखी निवेदन द्यायचं, हे सॉलिसिटरबरोबर आधी ठरवा. तिथे न सांगितलेली गोष्ट नंतर कोर्टात बचावासाठी मांडली तर ते विरोधात जाऊ शकतं. अंदाजाने तारखा सांगू नका. दंडाचा प्रस्ताव आला तर तिथल्या तिथे सही नको.