लग्नाच्या वाढदिवसाला फेब्रुवारीत दोघंच अंदमानला जातोय, पाच रात्री आहेत. मुक्काम कुठे किती ठेवावा?

हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) तीन रात्री द्या, एक नीलला (शहीद द्वीप), आणि शेवटची पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम). परतीचं विमान असेल त्याच दिवशी बेटावरून बोटीने यायचा बेत अजिबात करू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, मग विमानही हुकतं. तशी फेब्रुवारीत हवा छान असते.

वाढदिवसाची संध्याकाळ हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरच घालवा. तो पश्चिमेला आहे, मागे उंच झाडांचं दाट रान, समोर मऊ पांढरी वाळू आणि थेट पाण्यात बुडणारा सूर्य. फक्त एक ध्यानात ठेवा: घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला, त्यामुळे साडेपाचच्या आसपासच सूर्यास्त होतो. दुपारी चारलाच तिथे पोचा. जेवण, केक वगैरे नंतर हॉटेलात. सूर्योदयासाठी पूर्वेकडचा काळापत्थर किनारा.

नीलला लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच बघता येतो, वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. खडकांवर पाय घसरतो, पट्ट्याच्या चपला हव्यात. तिथल्या डबक्यांत जिवंत प्रवाळ असतं, त्यावर पाय देऊ नका.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय परतू नका, सुट्टी मजेची असली तरी. सावरकरांची कोठडी तिथे आहे. बंद कधी असतं ते आधी विचारून घ्या, मग तिकिटं काढा.