‘मत’ म्हणजे विचार की व्होट?

मनातल्या विचारालाही ‘मत’ म्हणायचं आणि पेटीत टाकतो त्यालाही ‘मत’च, हे कसं, असं तुम्ही विचारलंय. शब्द एकच आहे. संस्कृतात गम् वरून ‘गत’ झालं, तसं मन् वरून ‘मत’, म्हणजे मानलेलं. ‘अभिमत विद्यापीठ’ यात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे: विद्यापीठ म्हणून मानलेलं. शंकराचार्यांचं अद्वैतमत म्हणजे त्यांनी मांडलेला सिद्धांत. मनाशी ठरलेली पसंती मोजणीसाठी नोंदवली, की तेच मतदानातलं मत.

घोळ होतो तो ‘मत देणे’ इथे. एकदा एका सभेचं इतिवृत्त तपासताना वाक्य दिसलं, ‘ठरावावर सात सभासदांनी मते दिली.’ म्हणजे सातजण बोलले, की सातांनी हात वर केले? विचारलं, तर नुसतेच बोलले होते. मग तिथे ‘मते मांडली’ हवं. क्रियापद बदललं आणि भांडण मिटलं.

रोजच्या बोलण्यात आपलं काम ‘वाटतं’वर भागतं. ‘मला वाटतं तो घरी गेला असेल’ हा नुसता अंदाज, त्यावर कुणी अडवत नाही. ‘माझ्या मते तो घरी गेला असेल’ म्हणून बघा, समोरचा लगेच ‘कशावरून?’ विचारेल. मताच्या पाठीशी थोडा तरी विचार अपेक्षित असतो. समजुतीचं तसं नाही, ती ऐकीवही चालते. (आणि ‘ही तुमची वैयक्तिक समजूत’ असं कुणी म्हणत नाही, ‘वैयक्तिक’ची ढाल मतालाच लागते.)

या ‘माझ्या मते’मधलं ‘मते’ अनेकवचन नव्हे बरं का. ती जुनी तृतीया आहे. आनंदाने या अर्थी ‘आनंदे’, तसं मताने या अर्थी ‘मते’. ‘माझे मत असे आहे की’ ही रचना मला भाषांतरातली वाटते. त्यापेक्षा ‘माझं मत विचाराल तर’ कानाला बरं.

‘त्याच्याबद्दल माझं मत वाईट झालं’ यात वाद नाही आणि मतदानही नाही. माणूस मनातून उतरला, एवढंच.

‘दुमत’ मात्र गमतीशीर आहे. ते बहुधा नकारातच भेटतं: ‘यात दुमत नाही.’ खरंच दोन मतं पडली, की आपण ‘मतभेद’ म्हणतो. आणि ‘मतलब’ या घरातला नव्हेच, तो अरबीतून आलाय.